वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकासाठी कॅबिनेट आणि एसएमपीएस निवडताना

प्रश्न : घरी २०१२ साली जुळवून घेतलेला संगणक आहे. आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, एक हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर. कॅबिनेटचा पत्रा खालून गंजला आहे आणि हल्ली काम चालू असताना संगणक अचानक बंद पडतो. एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॉट लिहिले आहे, ते कमी पडत असतील का? नव्या कॅबिनेटसोबत दुकानदार एसएमपीएस फुकट देतो आहे, तो घ्यावा का? पुढे लहानसे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कॅबिनेट जरूर बदला, पण फुकटचा एसएमपीएस घेऊ नका.

४५० हा आकडा बाजूला ठेवा आणि त्याच लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार याच ओळीवर असतो. स्वस्त एसएमपीएसवर तिथे १४ अँपिअर दिसले, तर १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॉटच खरे कामाचे. बाकीची बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळी धरून केलेली असते आणि आजच्या भागांना त्यांचा उपयोग फार थोडा.

आता तुमची गरज बघू. प्रोसेसर ६५ वॉट, मदरबोर्ड आणि रॅम मिळून ३० धरा, डिस्क आणि रायटर मिळून आणखी ३०. हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, हेही लक्षात असू द्या. त्यात वेगळी वायर न लागणारे, स्लॉटमधूनच वीज घेणारे कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉटचे. एकूण २०० च्या आसपास. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया जात असल्याच्या) प्रमाणपत्राचा, १२ व्होल्टवर ३० अँपिअर किंवा अधिक देणारा ४०० ते ४५० वॉटचा एसएमपीएस तुम्हाला भरपूर झाला. ६५० वॉटवर पैसे घालू नका.

मागच्या बाजूला ११५/२३० चे लाल बटण नसलेला आणि लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला निवडा. त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज सावरून घेणारी जोडणी) असते, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरले तरी तो तग धरतो. लाल बटणाच्या एसएमपीएसमध्ये ते चुकून ११५ वर सरकले, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावताक्षणी तो उडतो.

मात्र आधी दोष एसएमपीएसचाच आहे ना, याची खात्री करा. संगणक कामाला लावून मोकळ्या मोलेक्स प्लगमध्ये (एसएमपीएसमधून निघणाऱ्या चार वायरींच्या प्लगमध्ये) मल्टिमीटर धरा. पिवळी आणि काळी वायर यांत ११.४ ते १२.६, लाल आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. आकडे या मर्यादेत टिकून असतील, तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरचे तापमान पाहा. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेली असते, आणि कूलरची चारपैकी एक प्लास्टिकची खुंटी सैल झाली तरी प्रोसेसर तापून संगणक असाच बंद पडतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (उभ्या लहान डब्यांसारखे भाग) डोक्याकडून फुगले असतील, तर नवा एसएमपीएस लावूनही काही साधणार नाही.

कॅबिनेट घेताना मायक्रो एटीएक्सची (मदरबोर्डच्या एका ठरलेल्या मापाची) सोय हवी. पुढून पूर्ण काच असलेले घेऊ नका, हवा आत यायला जाळीच हवी. मागे बाहेर फेकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा पुरे. डीव्हीडी रायटर ठेवायचा असेल तर सव्वापाच इंची खण आहे का ते दुकानातच बघा, कारण बहुतेक नव्या कॅबिनेटमध्ये तो नसतो. पुढच्या यूएसबी ३.० ची वायर १९ पिनांची असते आणि तुमच्या बोर्डवर बहुधा फक्त ९ पिनांची जागा असेल. १९ ते ९ पिनांचा जोड मिळतो, पण वेग २.० चाच राहतो. एसएमपीएस तळाशी बसणार असेल, तर प्रोसेसरची ४ पिनांची वायर बोर्ड बसतो त्या पत्र्यामागून वरपर्यंत पोचायला ६० सेंटिमीटर तरी लांब हवी.

जुन्या कॅबिनेटमधली मागची पोर्टांची पत्र्याची पट्टी काढून घ्यायला विसरू नका. ती त्या बोर्डापुरतीच बनलेली असते, नव्या कॅबिनेटसोबत येत नाही. बोर्ड बसवताना पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या खुंट्या) बोर्डाच्या भोकांखालीच लावा. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या खालच्या बाजूला शॉर्ट होतो आणि संगणक सुरूच होत नाही. कोकणातल्या दमट हवेत कॅबिनेट फरशीवर न ठेवता १० सेंटिमीटर उंच स्टँडवर ठेवा.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर घेतला आहे. त्याचा बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये हलवून नवा एसएमपीएस लावता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बोर्ड हलवू नका. त्यावर नेहमीचे २४ पिनांचे सॉकेट नाही, ८ पिनांचे आहे. पॉवर बटणाची आणि पंख्याची जोडणीही डेलची स्वतःची, त्यामुळे साध्या कॅबिनेटचे बटण थेट बसत नाही आणि पंखा सापडला नाही की संगणक दरवेळी सुरू होताना अडतो. टॉवर आहे तोच ठेवा आणि फक्त एसएमपीएस बदला. नेहमीच्या एटीएक्स आकाराचा त्यात बसतो. सोबत २४ ते ८ पिनांचा जोड घ्या, पण तुमच्या मॉडेलचा क्रमांक लिहिलेलाच. एचपीच्या अनेक बोर्डांवर ६ आणि लेनोव्होच्या बोर्डांवर १४ किंवा १० पिनांची सॉकेटे असतात, त्यांचे जोड वेगळे.

प्लग बसला म्हणजे वायरी जुळल्या, असे मुळीच समजू नका. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही संगणकांत प्लग दिसायला एटीएक्ससारखाच होता, आतला वायरींचा क्रम मात्र निराळा होता, आणि साधा एसएमपीएस लावला की बोर्ड जळत. आजही हाच धोका मॉड्युलर (केबली काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या सुट्या केबलींत आहे. जुनी केबल नव्या एसएमपीएसला नीट बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असेल तर डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येतात. केबली नेहमी त्याच खोक्यातल्या वापरा.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. नवा एसएमपीएस घेतला तर थांबेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही, आधी अर्थिंग तपासा. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. त्यातून झिरपणारा थोडा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग तुटले असेल तर पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत भरले पाहिजे. हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या.

काही ठिकाणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तुकडा टाकून जोडतात. तसे कोणालाही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर संपूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात आणि जीव जाऊ शकतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडू नका, दोन्हीकडची पोर्टे जळतात.

प्रश्न : एसएमपीएसचा पंखा आवाज करतो. उघडून तेल घालू का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर पंखा दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बदलवा. पंखा अडखळायला लागला असेल, तर तोवर संगणक वापरू नका.