मणी हरभऱ्याएवढे, तरी बाग नावाजलेली

प्रश्न : जुलैत मुलाकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला गेलो होतो. त्याने वळणावळणाच्या रस्त्याने मॉन्टे बेलो डोंगरावर नेऊन रिज वाइनरीचा द्राक्षमळा दाखवला. मणी हरभऱ्याएवढे! पायथ्याला सपाट जमीन असताना डोंगरावर बाग लावण्याचं कारण काय? – एक बागायतदार, निफाड

उत्तर : आधी मण्यांचं. जुलैत ते कच्चेच असतात, पण पिकल्यावरही फार फुगत नाहीत. मी तिथला पिकलेला कॅबर्नेचा (लाल वाइनच्या द्राक्षाची जात) मणी खाल्लाय. गोड, पण साल जाड, चावावीच लागते. आणि दाताखाली बिया कडकड. आपल्याकडे व्यापाऱ्याने हात लावला नसता. वाइनचा रंग आणि तुरटपणा मात्र याच साली-बियांतून येतो. मणी बारीक, तर रसाच्या मानाने साल जास्त. थॉमसन या खायच्या द्राक्षाला आपण जीएत (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) बुडवून फुगवतो, तिथे नेमकं तेच नको असतं.

उंचीचं म्हणाल, तर मळा 1,300 ते 2,700 फुटांवर आहे. नाशिकही 1,900 च्या आसपास आहेच की! फरक पडतो तो पॅसिफिकच्या गार वाऱ्याने. द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. खाली चुनखडी, मुळांना मस्ती करायला वाव कमी, एकरी माल बेताचा.

1885 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले इटालियन डॉक्टर ओसिया पेरोन यांनी इथे 180 एकर घेतली, उतारावर पायऱ्या पाडल्या, तिथल्याच चुनखडीची वाइनरी बांधली. पहिली वाइन 1892 ची. मग अमेरिकेत दारूबंदी आली, पुढे मळा ओस पडला. 1940 च्या दशकात शेजारच्या तुकड्यात विल्यम शॉर्ट यांनी पुन्हा कॅबर्ने लावली. ते धर्मशास्त्राचे अभ्यासक! 1959 मध्ये ती जागा डेव्ह बेनियन आणि त्यांच्या संशोधक मित्रांनी घेतली. 1976 मध्ये पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून चाखल्या, त्या चाचणीत 1971 ची मॉन्टे बेलो पाचवी आली होती. 2006 मध्ये तीच बाटल्यांत मुरलेली वाइन पुन्हा चाखली, तेव्हा पहिली.

पायथ्याची सपाट जमीनही काही पडीक नव्हती. तिथे जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागा होत्या, आता ऑफिसं आहेत.

काढणी पाहायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे ऐन आपल्या छाटणीत. बघा, घरचे सोडतात का!