हातउसन्या पैशांची ३ वर्षांची मुदत उलटली, तर ते फेडण्याची जबाबदारी संपते का?

नाही, निपाणीतल्या शेजाऱ्याने तंबाखूच्या हंगामासाठी आपल्याला दिलेले हातउसने पैसे ३ वर्षांनंतर त्याला दावा लावून वसूल करता येत नाहीत, पण आपले देणे उरतेच. १९६३ चा मुदतीचा कायदा, जो कर्नाटकातही लागू आहे, कोर्टाचा मार्ग बंद करतो, कर्ज पुसून टाकत नाही. म्हणूनच १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ नुसार असे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सहीनिशी दिलेले लेखी वचन नव्या मोबदल्याशिवायही बंधनकारक ठरते, आणि नीतीसाठी उघडे ठेवलेले हे दार मला फार मोलाचे वाटते. मात्र तिथे तोंडी शब्द पुरत नाही. शिवाय मुदत संपण्यापूर्वीच सहीनिशी लेखी कबुली दिली असेल, तर ३ वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात.