कातालानी मागे का पडले?

प्रश्न : ‘दिवा’ या १९८१ सालच्या फ्रेंच चित्रपटातील गायिका जे गीत गाते, ते आल्फ्रेदो कातालानी यांच्या ‘ला वाल्ली’ या ऑपेरातील असल्याचे कळले. असे गीत रचणाऱ्या संगीतकाराचे नाव एरवी कानावर का येत नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कातालानी १८५४ मध्ये इटलीतील लुक्का येथे जन्मले आणि चारच वर्षांनी त्याच गावात पुढे ऑपेराचे जगप्रसिद्ध संगीतकार झालेले पुच्चीनी जन्मले, उपेक्षेची निम्मी कथा इथेच आहे. कातालानींचे ऑपेरा प्रकाशित करणारी संस्था १८८८ मध्ये संगीत-प्रकाशक रिकॉर्दी यांनी विकत घेतली, पण रिकॉर्दींचा भर तरुण पुच्चीनींवर असल्याने कातालानींना आपल्याच प्रकाशकाच्या घरी दुय्यम स्थान मिळाले.

‘ला वाल्ली’ २० जानेवारी १८९२ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात रंगमंचावर आला. आल्प्समधील टिरोलच्या डोंगरातल्या वाल्लीला तिचे वडील बजावतात, की मी सांगतो त्याच्याशी लग्न कर, नाहीतर घर सोड. त्यावर ती ना रडते ना भांडते. “बरे तर, जाईन मी दूर” एवढेच म्हणते आणि देवळातल्या घंटेचा नाद विरत जावा तशी आपण जाऊ, असे सांगते. हेच ते चित्रपटातले गीत. त्याची चाल सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी खालच्या पट्टीत रेंगाळते आणि मगच वर चढते. गंमत म्हणजे ही चाल मूळची वाल्लीची नव्हेच. १८७८ मध्ये कातालानींनी ज्यूल व्हर्न यांच्या शब्दांवर रचलेल्या ग्रीनलंडविषयीच्या गीतातून ती इथे आली.

तरीही सारा दोष प्रकाशकावर टाकणे योग्य नाही. डोंगर, बर्फ, संध्याकाळ वाद्यवृंदातून उभी करण्यात कातालानी जितके तरबेज होते, तितके पात्रांचा संघर्ष पेटता ठेवण्यात नव्हते, असे माझे मत आहे. त्यातच १८९० मध्ये मास्कान्यींच्या ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ या ऑपेराने श्रोत्यांना झटपट, रक्तरंजित नाट्याची चटक लावली होती. शिवाय शेवटी नायक हिमकड्याखाली गडप होतो आणि वाल्ली त्याच्यामागे उडी घेते. हे रंगमंचावर हास्यास्पद न होऊ देता दाखवणे आजही अवघडच आहे.

क्षयाने ग्रासलेले कातालानी ऑगस्ट १८९३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी वारले. पुच्चीनींचा ‘मानों लेस्को’ हा ऑपेरा गाजून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. १८८६ मध्ये तुरिनला कातालानींच्या ‘एद्मेआ’ या ऑपेराचे संचालन करणारे प्रख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी मात्र त्यांना विसरले नाहीत. त्यांनी मुलाचे नाव वॉल्टर आणि मुलीचे वाल्ली ठेवले. दोन्ही नावे ‘ला वाल्ली’तील आहेत.