मोबाईल नंबर ‘चुकीचा’ म्हणणारा फॉर्म, आणि बाकीचे प्रश्न

यावेळचे जवळपास सगळे प्रश्न वर्डप्रेसवर स्वतः कोड लिहून फॉर्म बनवणाऱ्यांचे आहेत, तयार प्लगइन टाकून मोकळे झालेल्यांचे नाहीत, म्हणून जरा आत शिरतो.

प्रश्न: गावातल्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा फॉर्म केलाय. मोबाईल नंबर बरोबर दहा आकडी टाकूनही काही जणांना ‘नंबर चुकीचा आहे’ असं येतं. मी टाकला की व्यवस्थित जातो. काय गौडबंगाल आहे?

त्यातल्या एकाकडून स्क्रीनशॉट मागवा, पैज लावतो की नंबर मराठी आकड्यांत असणार. नाव मराठीत लिहायचं म्हणून कीबोर्ड मराठीवर नेलेला असतो, पुढच्या रकान्यात तो तसाच राहतो. आणि ब्राउझरमधे चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते तपासणारा नमुना) बॅकस्लॅश डी, म्हणजे ‘कुठलाही आकडा’, फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. गंमत पुढेच आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपीमधे तोच रेजेक्स ‘यू’ मॉडिफायर (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखायला सांगणारी खूण) लावून चालवला की मराठी आकडे खुशाल पास होतात, मग पुढे कोडमधे कुठेतरी त्याचा इंटीजर (पूर्णांक) केला जातो आणि डेटाबेसमधे जातो शून्य. म्हणजे दारावर दोन वॉचमन, एक आत सोडतच नाही आणि दुसरा आत सोडून खिसा रिकामा करतो.

तपासायच्या आधी साफ करा. मराठी दहा आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे (एसटीआरटीआर फंक्शनला दहा जोड्यांचा ॲरे दिला की झालं), मग स्पेस आणि डॅश काढायचे, पुढचं अधिक ९१ किंवा शून्य काढायचं, आणि त्यानंतर बघायचं की दहा आकडे आहेत का आणि पहिला ६ ते ९ मधला आहे का. ब्राउझरमधली तपासणी सैल ठेवा नाहीतर तिथेही हीच साफसफाई आधी करा. आणि हो, रकान्याचा टाईप ‘नंबर’ ठेवला असेल तर काढा. मोबाईल नंबर ही काही बेरीज-वजाबाकी करायची संख्या नाही, त्या टाईपमधे माऊसचं चाक फिरलं की कधीकधी नंबरच बदलतो आणि इंग्रजी ‘ई’ अक्षरसुद्धा चालतं. ‘टेल’ ठेवा, डेटाबेसमधे मजकूर म्हणूनच साठवा.

प्रश्न: नावात आकडे, चिन्हं येऊ नयेत म्हणून ‘फक्त अक्षरं’ असा युनिकोड रेजेक्स लावलाय. ‘शरद’ जातं, ‘कमल’ जातं, पण ‘रमा’ आणि ‘सुनील’ अडकतात. मराठीला सपोर्ट नाही का?

सपोर्ट आहे, पण युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीतच, त्यांचा गट वेगळा आहे, त्याला ‘मार्क’ म्हणतात. तुमच्या रेजेक्समधे फक्त ‘एल’ (लेटर) गट असणार. ‘शरद’मधे नुसती व्यंजनं म्हणून सुटला. ‘पंकज’ टाकून बघा, तोही अडकेल. ‘एम’ (मार्क) गट जोडा की रमा आणि सुनील दोघं आत.

पण खरं सांगू का, नावाला रेजेक्स लावूच नका. आज मात्रा सुटल्या, उद्या कुणी ‘एस. एम.’ असं टिंब देऊन लिहील, परवा कुणी जोडआडनाव डॅशने लिहील, आणि प्रत्येक वेळी चूक माणसाच्या माथी मारली जाते, ‘कृपया वैध नाव टाका’, आता स्वतःचं नाव वैध कसं करायचं माणसाने? पुढचे-मागचे स्पेस काढून रकाना रिकामा नाही ना एवढं बघा आणि लांबीला एक ऐसपैस मर्यादा ठेवा.

लांबी मोजतानाही जपून. ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमधे ती सात चिन्हं (क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज) आणि यूटीएफ-८ मधे (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) २१ बाइट. पीएचपीचं साधं एसटीआरलेन बाइट मोजतं, म्हणजे २० ची मर्यादा ठेवली तर क्षितिज बाहेर! चिन्हं मोजणारं एमबी एसटीआरलेन वापरा.

अजून एक, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह वेगवेगळ्या पद्धतीने टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवरून थेट ‘ऱ’ येतो, कुठून ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून, तर कुठे साध्या ‘र’ आणि हलन्तानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह). दिसायला सगळे सारखेच, पण मग तालुक्यानुसार यादी काढली की कऱ्हाड दोन-तीन वेळा येतं आणि तुम्ही डोकं धरून बसता. नुक्तावाला प्रकार साठवण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं) केलं की जुळतो, झेडडब्ल्यूजेवाला मात्र त्याने जुळत नाही, तो हाताने बदलावा लागतो. तालुका, जिल्हा असल्या गोष्टी टाइप करायलाच देऊ नका, ड्रॉपडाउन द्या.

प्रश्न: ट्रेकच्या नोंदणीत जन्मतारीख ०५/०६/१९९० टाकली की ६ मे साठवली जाते. आणि काहींची थेट १ जानेवारी १९७०!

पीएचपीचं एसटीआरटूटाइम तिरकी रेघ दिसली की तारीख अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना मग दिवस. तिथे डॅश असता तर आपल्यासारखं वाचलं असतं. आणि कुणी १३/०६ टाकलं की तेरावा महिना कुठून आणायचा, म्हणून फंक्शन ‘फॉल्स’ देतं, ते न बघता पुढे तारीख छापली की १९७०. या १९७० वाल्या निदान डोळ्यात भरतात. ज्यांचा दिवस १२ च्या आत आहे त्या गुपचूप चुकलेल्या आहेत, त्या कुणालाच कळणार नाहीत, तेव्हा आधी जुन्या नोंदी तपासा.

सोपा मार्ग म्हणजे रकान्याचा टाईप ‘डेट’ ठेवा, स्क्रीनवर कसंही दिसो, सर्व्हरला वर्ष-महिना-दिवस असंच येतं. टाइपच करू द्यायचं असेल तर पीएचपीचं क्रिएट फ्रॉम फॉरमॅट वापरा, त्याला दिवस-महिन्याचा क्रम तुम्ही सांगता, पण ते ३१ फेब्रुवारीला हूं की चूं न करता ३ मार्च (लीप वर्षात २ मार्च) करून टाकतं, म्हणून मिळालेली तारीख पुन्हा त्याच फॉरमॅटमधे छापून मूळ मजकुराशी जुळते का ते बघा.

प्रश्न: सगळे रकाने ‘रिक्वायर्ड’ आहेत, जावास्क्रिप्टची तपासणी आहे, तरी रिकाम्या आणि कचरा नोंदी येतात. कशा?

कारण बॉट तुमचं पान उघडतच नाही, तो थेट सर्व्हरवर डेटा पाठवतो. ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीसाठी, तिचा पहाऱ्याशी संबंध नाही. जे तिथे तपासलंय ते सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासायचं. ड्रुपलमधे (वर्डप्रेससारखीच वेबसाइट बनवायची दुसरी प्रणाली) फॉर्मच्या क्लासला व्हॅलिडेटफॉर्म अशी वेगळी मेथड असते, तिथे एरर लावली की पुढची सबमिटफॉर्म मेथड चालतच नाही, आणि भरलेलं सगळं जागच्या जागी परत दिसतं. वर्डप्रेसमधे स्वतःचा फॉर्म लिहिला तर हे सगळं तुमच्या गळ्यात. एका चुकीपायी वीस रकाने पुन्हा रिकामे दाखवणारा फॉर्म मीसुद्धा एकदा एका संस्थेला करून दिला होता, त्यांच्या ऑफिसातल्या काकूंनी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नॉन्स (वर्डप्रेस फॉर्ममधे लपवून ठेवतं तो तात्पुरता कोड) लावलाय म्हणजे तपासणी झाली असंही समजू नका, नॉन्स फक्त एवढंच बघतो की विनंती तुमच्याच पानावरून आली. आणि तो जास्तीत जास्त २४ तास टिकतो, म्हणून पान कॅशमधे (साइट पटकन उघडावी म्हणून साठवलेल्या जुन्या प्रतीत) अडकलं असेल तर आज चालणारा फॉर्म उद्या ‘लिंक एक्स्पायर झाली’ म्हणतो. फॉर्मचं पान कॅशमधून वगळा.

प्रश्न: शिष्यवृत्तीच्या फॉर्ममधे आयएफएससी कोड फार चुकतात. आणि आधार नंबरची तपासणी कशी करायची?

आयएफएससी ११ अक्षरी, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं कायम शून्य, पुढची सहा अक्षरं किंवा आकडे. लोक पाचव्या जागी शून्याऐवजी ‘ओ’ टाकतात. तिथे ‘ओ’ येऊच शकत नाही, मग एरर कशाला दाखवता, तुम्हीच बदला की. सगळं कॅपिटलही तुम्हीच करून घ्या.

आधारचा बारावा आकडा हा व्हरहॉफ पद्धतीचा चेक डिजिट असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर पकडता येतं, पण नंबर खरोखर त्याच माणसाचा आहे का हे त्यावरून कळत नाही. माझं विचाराल तर तो रकाना काढूनच टाका. जे साठवलं नाही ते चोरीला जात नाही.

प्रश्न: पत्ता तीन ओळींत भरला तरी एकाच ओळीत साठवला जातो.

मजकूर साफ करायला वर्डप्रेसचं सॅनिटाइझ टेक्स्ट फील्ड वापरताय, ते ओळी मोडून टाकतं. त्याच्याजागी सॅनिटाइझ टेक्स्टएरिया फील्ड वापरा, आणि दाखवताना एस्केप करून (मजकुरातला कोड निष्प्रभ करून) मग एनएल टू बीआर, म्हणजे ओळी पानावरही ओळीच दिसतात. जुन्या पत्त्यांच्या ओळी मात्र गेल्या त्या गेल्या.