जाड आवाजाचं काय करू, मास्तर?

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी देसाईगंज तालुक्यातला, वय 22. घरी तीन एकर धान आहे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत नाटकात काम करतो. आवाज जाड, म्हणून दोन वर्षांपासून खलनायकच देतात. पद एकही नाही. मंडळातले म्हणतात, 'तू गाशील त लोक सतरंज्या गुंडाळून घरी जातील.' परवा मोबाइलवर शाल्यापिन नावाच्या रशियन गायकाची जुनी, खरखरीची रेकॉर्ड ऐकली. आवाज माझ्याहून जाड! हा कोण? याला कोणी 'गाऊ नको' म्हटलं नाही का?

उत्तर : म्हटलं ना बाबू. पोरवयात कझानमध्ये कोरसच्या भरतीला गेला, तर त्याला नापास केलं आणि मॅक्सिम गॉर्कीला घेतलं, असा किस्सा सांगतात. गॉर्की पुढे लेखक झाला आणि दोघांची दोस्ती जमली.

फ्योदर शाल्यापिन 1873 चा, व्होल्गाकाठच्या कझानचा. बाप कचेरीत कारकून, पण दारुडा. पोराला आधी जोडे शिवायला ठेवलं, मग खराद्याकडे. व्होल्गावर हमालीही केली. तू ऐकलंस ते नदीत नावा ओढणाऱ्या मजुरांचं गाणं असेल, तर दोराचा काच त्यानं जवळून पाहिलेला आहे. आपल्या बाया रोवण्याची गाणी म्हणतात, त्याच जातीचं ते गाणं. चिखलाबाहेर बसून म्हणायचं नाही.

1890 मध्ये तो उफा गावी फिरत्या मंडळीत कोरसमध्ये लागला. 1892 मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, त्याला उसातोव नावाचे गुरू भेटले. फी घेतली नाही. आणि हे ध्यानात घे, उसातोव स्वतः उंच आवाजाचे, टेनर. पोराला त्यांनी आपल्या पट्टीत ओढलं नाही. त्याची खर्जाची जागा त्यालाच ठेवली.

माझं उलट झालं, तेही सांगून टाकतो. तीसेक वर्षांपूर्वी एक जाड आवाजाचा पोरगा नायकाचं पद म्हणणार होता. नाटकातलं पद म्हणजे काळी चारच, म्हणजे उंच पट्टीच, हे माझ्या डोक्यात घट्ट. रात्री दोनच्या सुमारास, तिसऱ्या अंकात त्याचा आवाज फाटला. शिट्ट्या पडल्या. तो पुन्हा स्टेजवर चढला नाही. पेटीवर मीच होतो.

तिकडच्या ऑपेरात, म्हणजे गाण्यातूनच चालणाऱ्या नाटकात, आवाजाप्रमाणे भूमिका वाटलेल्या असतात. उंच आवाज प्रियकराचा, जाड आवाज राजाचा, धर्मगुरूचा नाहीतर सैतानाचा. म्हणजे तुझ्यासारखाच शाल्यापिनही 'खलनायकात' अडकलेला! पण 1898 मध्ये मॉस्कोत मुसोर्गस्की या संगीतकाराचा 'बोरिस गोदुनोव' हा रशियाच्या एका राजावरचा ऑपेरा करायचा ठरला, तेव्हा नुसती पदं पाठ करून तो थांबला नाही. क्ल्युचेव्स्की नावाच्या इतिहासकाराकडे जाऊन त्या राजाबद्दल विचारून आला. संगीताची बाजू संगीतकार रखमानिनोवनं बसवून घेतली. त्यात एक प्रवेश आहे : मारलेलं लेकरू राजाला कोपऱ्यात दिसतं. शाल्यापिन तिकडे बघून असा दचकायचा, की लोकही उठून तो कोपरा बघत, असं सांगतात. तिथे तो तान मारत नाही गा. श्वास तोडतो, पुटपुटतो. आणि ऑपेरात माइक नाही, हं. आपल्यासारखे वरून लोंबकळत नाहीत. एवढा वाद्यवृंद समोर, तरी पुटपुटणं मागच्या रांगेपर्यंत जायचं.

1901 मध्ये इटलीत, मिलानच्या 'ला स्काला' या ऑपेरा थिएटरात सैतानच गायला. सोबत नामी टेनर कारुसो, वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनी. तिथे पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी टोळी असे. यानं पैसे द्यायला साफ नकार दिला, तरी थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. सगळीकडे असंच झालं असं नाही. 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या समीक्षकांना त्याचा उघड्या छातीचा सैतान रुचला नाही. तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला तो परत गेला 1921 मध्ये. पुढल्याच वर्षी त्यानं रशिया सोडला. 1938 मध्ये पॅरिसला वारला आणि 1984 मध्ये अस्थी मॉस्कोला नेल्या. स्वभावानं तापट होता म्हणतात. ते मात्र उचलू नको.

एक गंमत. 1936 मध्ये जपानला गेला तेव्हा दात दुखत होता. टोकियोच्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं कांद्यात मुरवून मांस मऊ करून दिलं. तो पदार्थ तिकडे अजून त्याच्या नावानं मिळतो.

आता तुझं. दिग्दर्शकाशी भांडू नको. खलनायकाच्या तोंडी एक पद माग, चार ओळींचंच, रागाचं नको, पस्तावल्याचं माग. पेटीवाल्याला पांढरी एक, म्हणजे खालची पट्टी द्यायला सांग. फार जड जात असेल तर आणखी खाली. माइकपासून हातभर दूर उभा राहा. आणि शेवटची ओळ ओरडू नको, बोल.