म्हातारी कोंबडी गेल्यावर कोंबडा तिच्या कोपऱ्यात उभा राहून हाका मारतो. त्याला दुःख होतंय का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठ वर्षांची कोंबडी गेली. शेवटच्या महिन्यात कोंबडा तिच्याजवळून हलत नव्हता, किडा सापडला की आधी तिच्यापुढे टाकायचा. आणि तरी शेवटच्या दिवशी, तिला धड उभंही राहता येत नसताना, तो तिच्या पाठीवर चढला. आता तिच्या कोपऱ्यात उभा राहून तो दाणे उचलतो, टाकतो, अवेळी आरवतो आणि उरलेल्या चार कोंबड्या एकमेकींच्या डोक्यात चोची मारतात. त्याला दुःख होतंय का, आणि त्या दिवसाबद्दल त्याला माफ कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माफीचं आधी बोलते, कारण तेच तुम्हाला जास्त खातंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

कोंबडी जोडीला तयार असली की खाली दबून बसते, पाठ सपाट करते, पंख किंचित बाजूला सोडते. कोंबड्याला एवढीच खूण लागते. तो मानेची पिसं चोचीत धरतो, पाठीवर पाय रोवतो आणि काही सेकंदांत उतरतो. आता अंगात त्राण नसलेली कोंबडी कशी बसते ते आठवा. तीही खालीच दबलेली, पंख सैल सोडलेले, जवळ गेलं तरी उठत नाही. त्याला दोन्ही बसण्यांतला फरक कळत नाही. त्यानं जे पाहिलं त्याला तो नेहमीसारखाच वागला. यात क्रूरपणा शोधू नका. महिनाभर तिच्यापुढे किडे टाकणारा आणि त्या दिवशी पाठीवर चढणारा कोंबडा एकच होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या मनात तिच्याबद्दल वैर नव्हतं.

तिला त्रास झाला असणार, हे मात्र खरं. म्हणून पुढच्या वेळेसाठी सांगते: कोंबडी अशक्त झाली की तिला वेगळं करायचं, पण नजरेआड करायचं नाही. मध्ये जाळी घालायची. तिला बाकीच्या दिसतात, आवाज ऐकू येतो, पण कुणी अंगावर येत नाही. पूर्ण दूर नेऊन ठेवलेली कोंबडी पुष्कळदा खाणं सोडते. शिवाय बरी होऊन परत आली तर कळप तिला परकी समजून मारतो.

माझी कवडी नऊ वर्षांची होऊन गेली. अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून हे नाव. तिला जाळीमागे ठेवायला मला चार दिवस उशीर झाला. तिच्या पाठीवरची पिसं गेली होती आणि कोंबड्याच्या नखांचा ओरखडा होता. तो ओरखडा मी रोज धुवायचे आणि रोज स्वतःला बोल लावायचे. त्यामुळे तुमचं काय होत असेल ते मला कळतं. पण कोंबडी आजार लपवते. कळपात अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचतात, आणि शिकारी प्राणीही आधी तिलाच हेरतो. म्हणून ती अगदी शेवटपर्यंत दाणे टिपल्यासारखं करत राहते. चोच जमिनीला लागते, दाणा आत जात नाही. आपल्याला कळतं तोवर पोटातलं दुखणं फार पुढे गेलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय की तिचं पोट फुगलं होतं आणि ती शेपूट खाली टाकून ताठ, उभट चालायची. वय झालेल्या कोंबड्यांत हे फार दिसतं आणि बहुतेकदा मूळ अंड्यांच्या अवयवात असतं. कोंबडीचा फक्त डावा बीजांडकोश काम करतो. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, आणि ऐन भरात ते यंत्र जवळजवळ रोज चालतं. कधी बलक नळीत न जाता पोटाच्या पोकळीत पडतो, तिथे जंतू वाढतात, पाणी साठतं. कधी बीजांडकोशातच गाठ होते. कोंबडीला हा कर्करोग आपसूक होतो आणि वयाबरोबर वाढत जातो. म्हणून तर स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगाचा अभ्यास करणारे संशोधक कोंबड्यांवर काम करतात. पक्ष्यांचा डॉक्टर पोटातलं पाणी काढून चार दिवस आराम देऊ शकतो. आठव्या वर्षी त्यापुढे फारसं काही हातात नसतं. परसातली कोंबडी पाच ते दहा वर्षं जगते, तुमची आठ जगली, हे तुम्ही तिला नीट ठेवल्याशिवाय झालं नसतं. (एक जपा: लागोपाठ आणखी एखादी अचानक गेली, किंवा तुरा निळसर पडला, श्वास घरघरला, तर ते म्हातारपण नव्हे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं न शिवता लगेच पशुवैद्यांना कळवा.)

आता कोंबड्याकडे येते.

तो कोपऱ्यात जे करतो त्याला काही ठरलेली रीत आहे. दाणा सापडला की कोंबडा मान खाली-वर करतो, दाणा चोचीत उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि भरभर टुक-टुक-टुक असा आवाज काढतो. स्वतः खात नाही. कोंबडी येऊन टिपेपर्यंत थांबतो. पिल्लांची आई पिल्लांना बोलावते ना, अगदी तसंच, आणि रानकोंबड्यांतही हेच चालतं. जो कोंबडा असं वरचेवर खाऊ घालतो त्याच्याकडे कोंबड्यांचा ओढा जास्त असतो, म्हणजे यात प्रियाराधनही आहे. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवलं की ही हाक ऐकायला कोण आहे यावर ठरते. समोर कोंबडी असली की कोंबडा जास्त बोलावतो, दुसरा कोंबडा असला तर गप्प राहतो. पुढे 1993 मध्ये मार्लर आणि ख्रिस व लिंडा इव्हान्स यांनी कोंबड्यांना धोक्याच्या आवाजांच्या नुसत्या ध्वनिफिती ऐकवल्या. आकाशातल्या शिकाऱ्याची हाक ऐकताच कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून वर बघू लागल्या. जमिनीवरच्या शिकाऱ्याची हाक ऐकून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आजूबाजूला बघू लागल्या. समोर ना ससाणा होता ना मांजर, फक्त आवाज. कोंबड्याच्या आवाजाला अर्थ असतो आणि तो कुणासाठी तरी असतो, हे मला तेव्हापासून पक्कं वाटतं.

मग रिकाम्या कोपऱ्यात तो कुणाला बोलावतो? आधी नीट बघा, बाकीच्या चौघी कुठे असतात. पुष्कळदा त्या पाच-सहा पावलांवर असतात आणि हाक त्यांच्यासाठीही असते. फक्त जागा जुनी राहिलेली असते. पण एवढ्यानं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. आमचा कोंबडा कवडीच्या पेटीपाशी हाक द्यायचा, मग मान वाकडी करून एका डोळ्यानं पेटीच्या आत बघायचा, परत हाक द्यायचा. दुसरी कोंबडी येऊन तो दाणा घेऊन गेली तरी तो तिथेच. जिनं रोज ओ दिली ती आता देत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याला दुःख म्हणायचं का? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात 2011 मध्ये पिल्लांच्या अंगावर हवेचा झोत सोडून त्यांच्या आयांना तपासलं. झोत पिल्लांवर पडत होता, पण आयांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि डोळ्याचं तापमान उतरलं, म्हणजे ताणाची खूण उमटली. आई-पिल्लांचं हे कोंबड्याला सरळ लावता येत नाही. पण दुसऱ्याचं काही या पक्ष्यांपर्यंत पोहोचतच नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. माझं मत विचाराल तर तो तिला शोधतोय. ती मेली आहे हे कळून नव्हे, ती सापडत नाही म्हणून.

त्याला कोपऱ्यातून हुसकू नका. तिची पेटी हलवायची घाईही करू नका. आमच्याकडे दहा-बारा दिवसांत त्याची हाक हळूहळू पाण्याच्या भांड्याकडे सरकली.

अवेळी आरवण्याचं म्हणाल तर कोंबडा फक्त उजाडल्यावर आरवतो हा समजच चुकीचा आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठात 2013 मध्ये शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, तरी ते पहाटेच्या वेळेच्या सुमाराला आरवत राहिले. घड्याळ अंगातच असतं. दिवसभराचं आरवणं मात्र आवाज, उजेड, दुसऱ्याचं आरवणं, कळपातली गडबड अशा कशानंही सुरू होतं. आणि तुमच्या कळपात आत्ता गडबड आहेच.

ती गडबड म्हणजे चौघींचं भांडण. थॉर्लेफ श्येल्डरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्यांचं टोचणं बघून बघून टिपून ठेवलं आणि 1921 मध्ये मांडलं की कुणी कुणाला टोचायचं याची कळपात ठरलेली उतरंड असते. तुमची म्हातारी बहुधा वरच्या पायरीवर होती. ती जागा मोकळी झाली आणि आता ती कुणाची हे चोचीनं ठरतंय. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत हे शमतं. रक्त निघालं तरच मध्ये पडा, कारण रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचत राहतात. तोवर दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे खालच्या पायरीवरचीला उपाशी राहावं लागणार नाही.

आणि मन रमावं म्हणून लगेच नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आणू नका. उतरंड अजून बसलेली नाही, त्यात एकट्या नवख्या तलंगेचे हाल होतील. बसल्यावर आणायच्या तर दोन आणा, आधी महिनाभर वेगळ्या ठेवा आणि नंतर काही दिवस जाळीआड.

खरी काळजी मला दुसरीच वाटते. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात असं धरतात आणि तुमच्याकडे चारच उरल्या. म्हातारी होती तेव्हा त्याचा बराच वेळ तिच्यापाशी जायचा. आता तो बाकीच्यांकडे वळेल, आणि एखादी आवडती झाली तर रोज तिच्याच पाठीवर चढेल. आज अंधार पडून त्या दांडीवर बसल्या की एकेकीला उचलून घ्या. रात्री त्या शांत असतात, फार धडपडत नाहीत. पाठीवर, मानेमागे, पंखांखाली बोटं फिरवा. पिसांचे नुसते खुंट लागले, कातडी लाल दिसली, तर तिच्या पाठीवर जाड कापडाची झूल बांधा, पंखांतून अडकवायची असते ती, आणि कोंबड्याला दिवसाचा काही वेळ जाळीपलीकडे ठेवा. त्याच्या पायावरच्या काट्याचं टोक धारदार असेल तर तेही कानशीनं थोडं बोथट करून घ्या, पण जास्त घासू नका, आतला भाग जिवंत असतो.