मधपेटी बागेतल्या बागेत दहा-बारा मीटरवर हलवायची आहे. एका रात्रीत उचलून ठेवली तर चालेल का?

चालेल, पण नुसती उचलून ठेवली आणि सकाळी दार उघडलं, असं नको. पेटीसमोरून आता येण्याजाण्याची वाट झाली आहे म्हणून ती बागेच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, असं तुम्ही म्हणता. कारण रास्त आहे, पण दहा-बारा मीटर हे नेमकं सगळ्यात अडचणीचं अंतर.

चाऱ्याला जाणारी माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पहिल्यांदा बाहेर पडताना ती पेटीकडे तोंड करून घिरट्या घालते आणि आजूबाजूची झाडं, भिंत, दगड मनात बसवून घेते. पुढे रोज सूर्याच्या दिशेवरून आणि या खुणांवरून परत येते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी जमिनीत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं आणि ती शिकारीला गेल्यावर ते जरा बाजूला सरकवलं. परत आलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरली. (ही गांधीलमाशी शिकार करते ती मधमाश्यांचीच.) टिनबर्गन यांना 1973 चं नोबेल ज्यांच्यासोबत विभागून मिळालं, त्यांत मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिशही होते.

म्हणूनच मधपाळांत 'तीन फूट नाहीतर तीन मैल' असा दंडक आहे. तीन फुटांच्या आत सरकलेली पेटी माश्या जरा घुटमळून शोधतात. तीन मैल, म्हणजे पाचेक किलोमीटरवर, ओळखीची एकही खूण नसते, त्यामुळे त्या नव्याने शिकतात. मधल्या अंतरावर मात्र त्या ओळखीच्या वाटेला लागतात आणि थेट जुन्या जागी जाऊन थडकतात.

रोज फूट-दोन फूट सरकवत नेणं सगळ्यात सौम्य. मध्ये कुंपण किंवा वाफे नसतील तर खुशाल तसंच करा. फक्त ज्या दिवशी माश्या नीट उडाल्या तेच दिवस मोजायचे. पावसात घरात बसलेल्या माश्यांना नवी जागा कळत नाही. पेटी लांब नेऊन दोन-तीन आठवड्यांनी परत आणायची, हाही मार्ग आहे. तोवर जुनी जागा माहीत असलेल्या बहुतेक माश्या आयुष्य संपून गेलेल्या असतात. पण दहा मीटरसाठी दोनदा वाहतूक करणं मला तरी पटत नाही.

तुमच्या जागी मी असेन तर एका रात्रीतच हलवेन. नवी बैठक आधी मांडून समतल करून ठेवा. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दार जाळीने बंद करा आणि तळपाट (तळाची फळी), शिशुकोठी (पिल्लांचा खण), मधकोठी (मधाचा खण) एकत्र पट्ट्याने घट्ट आवळा. भरलेली पेटी एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. मध असेल तर ती अपेक्षेपेक्षा खूपच जड लागते, आणि एक हिसका बसला तरी पोळ्यांच्या चौकटी एकमेकींवर आदळून राणी चिरडू शकते.

नव्या जागी ठेवल्यावर दारासमोर पानांची एक दाट फांदी टेकवा. अगदी दाराला खेटून, म्हणजे माशीला पानांतून वाट काढावी लागेल. जाळी उजाडायच्या आत काढा. खरी करामत या फांदीची आहे. एरवी चाऱ्याला निघालेली माशी दारातून सुसाट सुटते, मागे वळून बघतही नाही. इथे ती पानाला अडते, चालत कडेला येते, उडते आणि हवेतच वळून पेटीकडे तोंड करते. मग डावी-उजवीकडे झोके घेत हळूहळू मोठी वर्तुळं काढत वर जाते. असं करणाऱ्या माश्या दिसल्या की समजा, जागा नव्याने पाठ होतेय. दारात काही माश्या पोटाचं टोक वर करून पंख फडफडवत असतील तर त्या गंध सोडून इतरांना बोलावत आहेत. फांदी चार-पाच दिवस राहू द्या.

तरीही काही माश्या जुन्या जागी जाणारच. तिथली बैठक, विटा, सगळं उचलून टाका. दिवसभर तिथे काहीही ठेवू नका. काहीच सापडलं नाही की बऱ्याच जणी शोधत शोधत नव्या पेटीपर्यंत येतात. संध्याकाळी मात्र रिकामं पोळं असलेली एखादी छोटी पेटी तिथे ठेवा. उरलेल्या तिच्यात गोळा होतील. अंधारात ती नेऊन मोठ्या पेटीच्या दारासमोर झटका, त्या चालत आत जातील. हे रोज करायचं, गोळा होणाऱ्या मूठभरावर येईपर्यंत.

दोन-तीन दिवस दार बंद ठेवून 'विसरायला लावा' असा सल्लाही तुम्हाला मिळेल. थंडीत आणि हवा खेळती असेल तर ठीक, उन्हाळ्यात अजिबात नको. पिल्लांजवळचं तापमान माश्या 35 अंशांच्या आसपास राखतात, आणि कोंडलेल्या माश्या घाबरून आतलं तापमान झपाट्याने वाढवतात. मेण मऊ पडतं, पोळी ढासळतात आणि अख्खी वसाहत गुदमरते.

पेटीत मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) आहे की सातेरी (आपली देशी मधमाशी), हे तुम्ही लिहिलेलं नाही. सातेरी असेल तर धसमुसळेपणा आणखी कमी करा. तिला त्रास झाला की ती घर सोडून निघून जाते, मेलिफेरा सहसा एवढं मनावर घेत नाही. दोन्हींच्या बाबतीत हलवल्यावर आठवडाभर झाकण उघडू नका. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाताना दिसत असतील, तर राणी शाबूत आहे की नाही हे बघायची घाई करायचं कारण नाही.